बाजारात कधीच न फिरलेली नाणी जमवताना

निवृत्तीनंतर नाणेसंग्रहाकडे वळलेल्या, जुळे सोलापूर येथील एका शिक्षिकाबाईंनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्याकडे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे ३०० रुपयांचे, अशी दोन नाणी आहेत. ही नाणी दुकानात, बँकेत, एसटीत कुठेच दिसत नाहीत, तेव्हा त्यांना खरी नाणी म्हणावे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. ती टांकसाळीच्या पेटीतून बाहेर काढावीत की नाही, हा दुसरा. आणि नातवंडांसाठी ही गुंतवणूक ठरेल का, हा तिसरा. बाई, तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो. सोलापुरात राहून तीस वर्षांहून अधिक काळ मी हा छंद जोपासला आहे आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी मला चुका करूनच कळल्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ती खरी नाणी आहेत. १९०६ चा जुना नाणे कायदा रद्द करून आलेल्या २०११ च्या नाणे अधिनियमाने ‘नाणे’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात स्मारक नाण्यांचा स्पष्ट समावेश आहे. एखाद्या प्रसंगाच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकारने पाडलेले आणि भारतीय चलनातील मूल्य धारण करणारे नाणे, असा त्याचा आशय आहे. याच अधिनियमानुसार १००० रुपयांपर्यंतच्या मूल्याची नाणी पाडता येतात, आणि १ रुपया किंवा त्याहून अधिक मूल्याची नाणी एकूण १००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन मानली जातात. म्हणजे काटेकोरपणे पाहिल्यास आपल्या ३०० रुपयांच्या नाण्याने ३०० रुपयांचे देणे फेडता येते. व्यवहारात असे कोणी करत नाही, कारण ते नाणे विकत घेताना त्याच्या दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट रक्कम मोजलेली असते.

कायद्याने वैध असणे आणि समोरच्याने ते आनंदाने स्वीकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०१३ पासून २० पौंडांची आणि पुढे १०० पौंडांची चांदीची नाणी चक्क दर्शनी किमतीला विकली. काही लोकांनी ती नंतर बँकेत भरायला नेली, तेव्हा बँकांनी ती घेण्यास नकार दिला. तेथे ‘वैध चलन’ या शब्दांचा अर्थ फार मर्यादित आहे, आणि अशी नाणी मुळात व्यवहारात आणण्यासाठी पाडलेलीच नव्हती. आपल्याकडे हा प्रसंग फारसा उद्भवत नाही, कारण भारतीय टांकसाळी अशी नाणी दर्शनी किमतीला विकत नाहीत. धातू, घडणावळ, पेटी आणि कर मिळून जी किंमत होते, ती घेतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा, कारण नव्या संग्राहकांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. धनत्रयोदशीला आपण सराफाकडून लक्ष्मी-गणपतीची चांदीची जी वस्तू आणतो, तिला बोलीभाषेत नाणे म्हणत असलो तरी ते नाणे नव्हे. तिच्यावर ना मूल्य असते, ना अशोकस्तंभ. ती चांदीची मुद्रा आहे, आणि तिचे मोल चांदीइतके. सरकारी स्मारक नाण्यावर मात्र मूल्य असते, ‘भारत’ हा शब्द असतो, सिंहमुद्रा असते, आणि त्याच्यामागे भारत सरकारच्या राजपत्रातील अधिसूचना असते. ही अधिसूचना म्हणजे त्या नाण्याचा जन्मदाखला होय. वित्त मंत्रालयाचा आर्थिक कार्य विभाग ती काढतो आणि तिच्यात नाण्याचा व्यास, वजन, धातूंचे प्रमाण, कडेवरील खाचांची संख्या आणि दोन्ही बाजूंच्या आकृतीचे वर्णन दिलेले असते.

आपल्या संसद भवनाच्या नाण्याचेच उदाहरण घेऊ. २८ मे २०२३ रोजी नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ते प्रकाशित झाले. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेवर २०० खाचा, आणि धातू म्हणाल तर ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. एका बाजूला सिंहमुद्रा, तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’, रुपयाचे चिन्ह आणि ७५ हा आकडा. दुसऱ्या बाजूला संसद संकुलाचे चित्र आणि ‘संसद संकुल’ ही अक्षरे. हा सगळा तपशील अधिसूचनेत आहे आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. तरीही हजारो रुपयांचे नाणे घेणारे लोक दोन पानांची अधिसूचना वाचत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. आपल्याकडच्या अहिल्यादेवींच्या नाण्याचीही अधिसूचना शोधून तिची छापील प्रत पेटीसोबत ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

आता मूळ विषयाकडे. जे नाणे बाजारात फिरते, त्याच्या अंगावर त्याचे आयुष्य उमटते. भाजीवालीच्या गल्ल्यात, कंडक्टरच्या पिशवीत, देवळाच्या दानपेटीत ते घासले जाते, त्याची अक्षरे बोथट होतात, आणि त्या झिजेतूनच त्याचा इतिहास वाचता येतो. टांकसाळीतून थेट पेटीत आलेल्या नाण्याला असा इतिहास नसतो. त्याला कोणी खर्च केलेले नसते, कोणी दान दिलेले नसते. म्हणून त्याचे सगळे मोल दोनच गोष्टींवर उभे असते: त्याच्या सोबतचे कागद आणि त्याचा अस्पर्श पृष्ठभाग. यांपैकी एक जरी गेले, तरी हाती राहते ते अर्धी चांदी असलेले धातूचे वजन. मी या प्रकारच्या नाण्यांविषयी जे काही सांगतो, ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

आपल्या देशात स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर झाली. ती नाणी १ रुपयाची आणि ५० पैशांची होती आणि सर्वसाधारण चलनात आली. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची २० पैसे, ५० पैसे आणि १ रुपया ही नाणी लोकांच्या हातांत खेळली, पण त्यांच्याबरोबर १० रुपयांचे चांदीचे नाणे पाडले गेले. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि चांदी ८० टक्के, म्हणजे एका नाण्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या नाण्यांवर पाडल्याचे साल नाही, ‘१८६९-१९४८’ असे गांधीजींचे जीवनकाल तेवढे आहेत. त्यामुळे कपाटात सापडलेले हे नाणे १९४८ चे आहे, असे समजून अनेक जण माझ्याकडे घेऊन येतात. पुढे सत्तरच्या दशकात अन्न व कृषी संघटनेच्या विषयांवरील १०, २० आणि ५० रुपयांची, आणि त्यानंतर १०० रुपयांची मोठी चांदीमिश्रित नाणी येऊ लागली. ही मोठी नाणी चलनासाठी नव्हतीच. ती संचात, टांकसाळीच्या वेष्टनात विकली गेली.

दर्शनी मूल्यांचे आकडे पुढे चमत्कारिक वाटावेत असे होत गेले, पण त्यामागे साधी रीत आहे. जो वर्धापनदिन, तोच बहुधा आकडा. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ ची, म्हणून तिच्या अमृतमहोत्सवाला ७५ रुपयांचे नाणे आले, आणि १ एप्रिल २०२४ रोजी ९० वर्षे पूर्ण झाली तेव्हा मुंबईत ९० रुपयांचे प्रकाशित झाले. प्राप्तिकराच्या १५० वर्षांना १५० रुपये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षात १२५ रुपये, गुरू गोविंदसिंगांना ३५०, गुरू नानकांना ५५०, मीराबाईंना ५२५. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला १००० वर्षे झाली म्हणून १००० रुपयांचे नाणे निघाले, आणि अधिनियमाप्रमाणे याहून मोठे मूल्य शक्य नाही. आपल्या नाण्यावर ३०० हा आकडा आहे, कारण अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला आणि बरोबर ३०० वर्षांनी, ३१ मे २०२५ रोजी, भोपाळ येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ते प्रकाशित झाले.

ही रीत समजली की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. दर्शनी आकडा मोठा म्हणजे नाणे मौल्यवान, असे मुळीच नाही. संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी आहे. बृहदीश्वराचे नाणेही ३५ ग्रॅमचेच, पण त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम. आणि रिझर्व्ह बँकेचे ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅमचे असून जवळजवळ शुद्ध चांदीचे आहे. म्हणजे ९० रुपयांच्या नाण्यात १००० रुपयांच्या नाण्याहून अधिक चांदी आहे. खरेदी करताना वजनाला शुद्धतेच्या टक्केवारीने गुणून चांदी काढावी, त्या दिवशीच्या दराने तिची किंमत मांडावी, आणि उरलेली रक्कम आपण कशासाठी मोजतो आहोत, याचा शांतपणे विचार करावा. ती रक्कम पेटीसाठी, कारागिरीसाठी आणि त्या विषयावरील आपल्या प्रेमासाठी असते. ते प्रेम खरे असेल तर ती रक्कम वाया गेली, असे मी म्हणणार नाही.

प्रूफ आणि अनसर्क्युलेटेड या दोन शब्दांविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या पेटीवर यांपैकी एक शब्द असेल. प्रूफ नाण्यासाठी साचा आणि कोरी चकती दोन्ही घासून आरशासारखी केली जातात, आणि नाणे एकापेक्षा अधिक दाबांनी सावकाश पाडले जाते. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत आणि चित्र दुधाळ, किंचित खरखरीत दिसते. अनसर्क्युलेटेड, ज्याला आपण संग्राहक यूएनसी म्हणतो, ते नेहमीच्या पद्धतीने पण काळजीपूर्वक पाडलेले आणि न वापरलेले नाणे होय. मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असे, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘एम’ असते. चलनी नाण्यांवर मुंबईची खूण पत्त्यांतील चौकटच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे. एकाच विषयाचे १० रुपयांचे नाणे चलनातही असू शकते आणि प्रूफ संचातही. तेव्हा ही बारीक खूणच दोघांतला फरक सांगते. भिंगाशिवाय या छंदात पडू नये.

आता आपला दुसरा प्रश्न. पेटी उघडायला हरकत नाही, पण नाणे त्याच्या पारदर्शक कवचातून बाहेर काढू नये. प्रूफ नाण्याच्या आरशावर बोटाचा ठसा पडला की घामातील क्षार आणि तेल धातूवर काम करू लागतात. काही महिन्यांनी तो ठसा तपकिरी होऊन कायमचा राहतो. नाणे समोर धरून बोलताना उडालेला थुंकीचा सूक्ष्म थेंबदेखील काळा ठिपका होऊन बसतो. काढणे अगदी अपरिहार्य असेल तर मऊ कापड अंथरलेल्या टेबलावर, दोन बोटांनी फक्त कडेला धरून काढावे, आणि त्या वेळी बोलू नये.

सर्वांत मोठे नुकसान श्रद्धेने होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. माझ्या संग्रहातील १०० रुपयांचे एक प्रूफ नाणे माझ्या आईने एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर मांडले, त्यावर हळद-कुंकू वाहिले, पंचामृताचा थेंब शिंपडला, आणि दुसऱ्या दिवशी चिंचेने घासून स्वच्छ करून ठेवले. तिच्या दृष्टीने ती घरातली सर्वांत शुद्ध चांदी होती आणि ती देवीपुढे ठेवणे हेच तिला योग्य वाटले. मी तिला दोष दिला नाही, कारण तिला आधी काही सांगितलेच नव्हते. पण त्या नाण्याचा आरसा कायमचा गेला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की पूजेसाठी सराफाकडची चांदीची मुद्रा वेगळी ठेवावी, आणि घरातील प्रत्येक व्यक्तीला हे कारणासहित समजावून सांगावे. चिंच, रांगोळी, टूथपावडर, राख, चांदी चमकवायचे द्रव, यांपैकी काहीही संग्राह्य नाण्याला लावू नये. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. तो थर नाण्याला फारसे अपाय करत नाही, पण घासल्याने पडलेल्या सूक्ष्म रेघा कधीही भरून येत नाहीत. जाणकार ग्राहक काळवंडलेले नाणे घेईल, घासलेले घेणार नाही.

साठवणीच्या बाबतीत आपले सोलापूर काही अंशी अनुकूल आहे. कोकणातील किंवा मुंबईतील संग्राहकांना दमट हवेचा जो त्रास होतो, तो आपल्याला वर्षातील बराच काळ होत नाही. उन्हाळा मात्र कठोर असतो, पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि त्या उष्णतेत स्वस्त, मऊ प्लास्टिक विघटित होऊ लागते. माझ्याकडे जुन्या काळातील एक संच होता. त्याचे वेष्टन मऊ पीव्हीसीचे होते. पत्र्याच्या कपाटात काही उन्हाळे गेल्यावर नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला. त्या प्लास्टिकमधून सुटणारे आम्ल तांब्याला खाते, आणि आपल्या स्मारक नाण्यांत तांबे भरपूर असते. म्हणून नाणे कठीण, पीव्हीसी नसलेल्या कवचात असावे. खिसे असलेला अल्बम घ्यायचा असेल तर तो पॉलिएस्टरच्या पानांचा आहे का, हे विचारून घ्यावे. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले नसावे, कारण मे महिन्यात ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी पेटीजवळ ठेवावी आणि ती अधूनमधून बदलावी. आणखी एक गोष्ट सोलापूरच्या घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे चादरी आणि लोकरी कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात, आणि मौल्यवान वस्तूही त्याच कपाटाच्या तळाशी ठेवायची सवय असते. त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते, तर लोकर, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्या सान्निध्यात चांदी लवकर काळी होते. नाण्यांना वेगळा खण द्यावा.

टांकसाळीची पेटी, माहितीपत्रक, प्रमाणपत्र आणि बिल यांपैकी काहीही टाकू नये. मखमली पेटीत नाणे दीर्घकाळ ठेवले तर कापडातील रंग आणि गोंद यांमुळे ते डागळू शकते. म्हणून मी नाणे कवचासह वेगळ्या जागी ठेवतो आणि पेटी स्वतंत्र जपतो, दोघांना एकच क्रमांक देतो. एका वहीत प्रत्येक नाण्याची नोंद असावी: केव्हा घेतले, कोणाकडून, किती रुपयांना, अधिसूचनेची तारीख कोणती, वजन किती भरले. दोन्ही बाजूंची छायाचित्रेही काढून ठेवावीत. बाई, आपण आयुष्यभर हजेरीपट लिहिले असतील, तेव्हा हे काम आपल्याला जड जाणार नाही. ही वही पुढे नातवंडांना नाण्यांइतकीच उपयोगी पडेल, कारण अनेक संग्रह मालकाच्या पश्चात अगदी कवडीमोल किमतीला जातात, आणि त्याचे कारण एवढेच असते की घरात कोणालाच कशाला काय म्हणतात हे ठाऊक नसते.

खरेदी शक्यतो थेट टांकसाळीकडून करावी. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाच्या अखत्यारीत आहेत, आणि निगमाच्या संकेतस्थळावर नाण्यांची नोंदणी करता येते. पैसे आधी भरावे लागतात आणि नाणे हाती यायला कधी कधी महिने लागतात. हा धीर ज्यांना धरवत नाही, ते प्रकाशनानंतर लगेच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेतात. माझा अनुभव असा आहे की प्रकाशनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भाव सर्वांत फुगलेले असतात, कारण बातमी ताजी असते आणि नाणी अजून वाटली गेलेली नसतात. टांकसाळीने सर्व नोंदणीदारांना नाणी पाठवली की तोच भाव उतरतो. जुन्या नाण्यांसाठी पुण्या-मुंबईतील नाणे प्रदर्शनांना जावे, तेथे चार व्यापाऱ्यांकडील एकच नाणे शेजारी शेजारी पाहता येते. त्यातून डोळा जितका तयार होतो, तितका पुस्तकातून होत नाही.

नकली मालाविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत जुन्या नाण्यांच्या पथाऱ्या लागतात. त्यांत मोठ्या आकड्यांची, चांदीचा मुलामा दिलेली पितळी नाणी मी अनेकदा पाहिली आहेत. काहींवर असे विषय आणि आकडे असतात की ज्यांची अधिसूचना कधी निघालीच नाही. ओळखण्याचे उपाय साधे आहेत. सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून अधिसूचनेतील वजनाशी ताडून पाहावे. कडेवरील खाचा मोजाव्यात. २०० खाचा मोजणे कंटाळवाणे असले तरी छायाचित्र काढून मोठे केले की ते सोपे जाते. चांदीमिश्रित नाणे चुंबकाला चिकटले, तर तो विषय तेथेच संपला. अक्षरांच्या कडा भिंगाखाली गोलसर आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा दिसला, तर ते पाडलेले नसून ओतलेले आहे असे समजावे.

दुसरी फसवणूक दूरध्वनीवरून होते आणि तिचे बळी बहुतेक ज्येष्ठ नागरिक असतात. ‘वैष्णोदेवीचे ५ किंवा १० रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील’ अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. ती नाणी चलनात आलेली होती आणि ती दुर्मीळ नाहीत. समोरचा माणूस आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग आणखी काही, असे पैसे मागत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क मागितले जाते हे लक्षात आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले की अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती कोणतेही शुल्क घेत नाही. जो खरा ग्राहक असतो, तो आपल्याला पैसे देतो. आपल्याकडे मागत नाही.

आता तिसरा प्रश्न, ज्याचे उत्तर कदाचित आपल्याला आवडणार नाही. निव्वळ गुंतवणूक म्हणून ही नाणी घेऊ नयेत. चांदीत पैसे घालायचे असतील तर शुद्ध चांदीची लगड घ्यावी. तिच्यात घडणावळ कमी जाते आणि विकताना कोणी पेटी मागत नाही. स्मारक नाणे विकताना दोन वाटा असतात. सराफ फक्त चांदीचा भाव करील, आणि तोही निम्म्या शुद्धतेचा. शिवाय वैध चलन असलेले नाणे वितळवण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे प्रामाणिक सराफ ते घेण्यास कचरतो आणि तेच योग्य आहे. दुसरी वाट संग्राहकांची, आणि तेथे त्याच विषयात रस असणारा माणूस भेटेपर्यंत थांबावे लागते. काही नाणी कालांतराने बऱ्यापैकी महाग झाली आहेत हे खरे, पण कोणती होतील हे आधी सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि जे ठामपणे सांगतात ते बहुधा विकणारे असतात.

मग ही नाणी जमवावीत तरी कशी? मी स्वतः जोड्या जमवतो. ज्या व्यक्तीवर किंवा विषयावर चलनी नाणेही निघाले आणि चलनात न आलेलेही निघाले, त्यांची दोन्ही नाणी मी एकाच पानावर ठेवतो. डॉ. आंबेडकरांचे १९९० चे १ रुपयाचे नाणे लाखो हातांतून गेले; माझ्याकडचे तर इतके झिजले आहे की चष्म्याची काडी दिसत नाही. त्याच्या शेजारी ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेले १२५ रुपयांचे नाणे आहे, ज्याला माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. लोकमान्य टिळकांची ५ आणि १०० रुपयांची अशीच जोडी आहे. संत तुकारामांचे २००२ चे २ रुपयांचे नाणे मी पंढरपूरच्या एका दुकानात मोड म्हणून मिळवले, आणि त्यांचे १०० रुपयांचे नाणे पुढे एका प्रदर्शनात घेतले. संत ज्ञानेश्वरांचे १९९९ चे १ रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे त्याच वर्षीचे २ रुपयांचे ही दोन्ही चलनी नाणी आजही जुन्या गल्ल्यांत सापडतात, आणि त्यांना जवळजवळ काही खर्च येत नाही. अशा पानाकडे पाहिले की न फिरलेल्या नाण्याला जो इतिहास नसतो, तो त्याच्या जोडीदाराकडून त्याला मिळतो, असे मला वाटते.

आपल्या अहिल्यादेवींच्या नाण्यासाठी तर याहून सुंदर जोडी शक्य आहे. अहिल्यादेवींच्या काळातील होळकरांच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान आढळते. तो रुपया महेश्वरच्या आणि माळव्याच्या बाजारात खरोखर फिरला, त्यातून कोष्ट्यांची मजुरी दिली गेली असेल, घाटांच्या पाथरवटांना पगार मिळाला असेल. ज्या शहराच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव आहे, त्या शहरातील संग्राहकाने त्यांच्या काळचा एक झिजलेला रुपया आणि त्यांच्या स्मरणार्थ पाडलेले एक अस्पर्श नाणे शेजारी ठेवावे, असे मला मनापासून वाटते. तो रुपया घेताना मात्र एक ध्यानात ठेवावे की १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातवंडांना भेट द्यायचा विचार असेल तर फक्त आधुनिक नाणे द्यावे. होळकरांचे रुपये अगदी दुर्मीळ नाहीत, पण नकली बरेच आहेत. म्हणून पहिला रुपया एकटीने घेऊ नये. कोणत्याही रविवारी सकाळी आपण दोन्ही पेट्या आणि बिले घेऊन माझ्याकडे यावे. वजने करू, अधिसूचनांशी ताडून पाहू, आणि माझ्याकडचे बेलपानाचे दोन रुपये भिंगाखाली ठेवून खरा ठसा कसा दिसतो ते मी आपल्याला दाखवीन.